राउटरला राउटरचंच काम करू द्या: घरच्या नेटवर्कबद्दल तुमचे प्रश्न

घरात फायबर आलं, मागोमाग कॅमेरे आले, टीव्ही नेटवर चालू लागला, आणि हे सगळं कंपनीने दिलेल्या एका डब्याच्या गळ्यात पडलं. या महिन्यातली बहुतेक पत्रं त्या डब्याबद्दल आहेत. प्रश्न थोडक्यात छापले आहेत. उत्तरं मात्र जिथे गरज होती तिथे हात न आखडता दिली आहेत.

प्रश्न: ३०० एमबीपीएसचा प्लॅन आहे. आम्ही दोघं घरून काम करतो, मुलाची शिकवणीही ऑनलाइन. कंपनीचा फायबर मोडेम दोन-तीन दिवसांनी अडखळतो, बंद करून चालू केला की पुन्हा ठीक. आतल्या खोलीत वाय-फाय पोचत नाही. वायर्ड राउटर घेतला तर हे सुटेल का? कोणता घ्यावा? (कोथरूड, पुणे)

तुमच्या पत्रात दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि वायर्ड राउटर त्यातली एकच सोडवेल. तुमचा फायबर मोडेम, म्हणजे ओएनटी, तीन कामं करतो: फायबरमधल्या प्रकाशाचं विजेच्या संदेशात रूपांतर, राउटिंग (एक लाइन घरातल्या सगळ्या यंत्रांत वाटणं) आणि वाय-फाय. पहिलं काम त्याच्याकडेच राहणार. दुसरं वायर्ड राउटरकडे जाईल. तिसऱ्यासाठी अ‍ॅक्सेस पॉइंट लागतो, म्हणजे केबलवरून आलेलं नेट वाय-फायने पसरवणारा डबा. आतल्या खोलीत वाय-फाय पोचत नाही ही तक्रार राउटर बदलून जाणार नाही. त्या खोलीपर्यंत केबल ओढून तिथे अ‍ॅक्सेस पॉइंट बसवावा लागेल.

पैसे खर्च करण्याआधी एक तपासणी करा. लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा, त्याला केबल लावा आणि केबलचं दुसरं टोक थेट ओएनटीच्या लॅन पोर्टमध्ये घाला. लॅपटॉपला केबलचा पोर्ट नसेल तर यूएसबी ३ चा गिगाबिट अडॅप्टर चालेल. संध्याकाळी, घरात सगळे ऑनलाइन असताना स्पीड टेस्ट करा. केबलवर पूर्ण वेग मिळाला आणि वाय-फायवर मिळाला नाही, तर दोष वाय-फायचा. केबलवरही वेग पडला तर डब्याकडे बघा: ‘लॉस’चा लाल दिवा लागतो का, ‘पॉन’चा दिवा लुकलुकतो का. तसं असेल तर दोष फायबरच्या जोडणीत आहे आणि कंपनीचाच माणूस बोलवायला हवा. दिवे ठीक, पण डबा चालू-बंद केल्यावरच सुधारणा होते, म्हणजे त्याच्या छोट्या प्रोसेसरवर आणि मेमरीवर ताण येतोय. तुमचं वर्णन या शेवटच्या प्रकारात बसतं आणि इथे वेगळा राउटर खरोखर उपयोगी पडतो.

निवडताना पहिली अट अशी की सगळे पोर्ट गिगाबिट हवेत. ‘वायर्ड राउटर’ शोधलं की स्वस्तात दिसणारी काही मॉडेलं १०० एमबीपीएस पोर्टची असतात. टीपी-लिंकचं टीएल-आर४७०टी+ आणि मायक्रोटिकचं हेक्स लाइट ही त्यातली दोन. तुमचा ३०० चा प्लॅन त्यावर ९५ च्या आत अडकेल. दुसरी अट अपडेटची. कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलच्या फर्मवेअरची (आतल्या सॉफ्टवेअरची) शेवटची तारीख बघा. ती दोन-तीन वर्षं जुनी असेल तर घेऊ नका. हा डबा तुमच्या घराचा उंबरठा आहे, त्याला भोक राहून चालत नाही. २०१८ मध्ये मायक्रोटिकच्या विनबॉक्स या सेटिंग्ज बदलायच्या सोयीतली चूक वापरून चोरांनी हजारो राउटर ताब्यात घेतले. कंपनीने दुरुस्ती त्याच वर्षी एप्रिलमध्ये दिली होती. पुढे जे सापडले, ते अपडेट न केलेले राउटर होते.

तिसरी गोष्ट वेगाच्या आकड्याची. खोक्यावर छापलेला वेग बहुधा मोठ्या पॅकेटचा (माहितीच्या तुकड्याचा) आणि कुठलेही नियम न लावलेला असतो. मायक्रोटिक आपल्या साइटवर प्रत्येक मॉडेलच्या चाचणीचा तक्ता देतं. त्यात ‘२५ फिल्टर नियम’ ही ओळ आणि ५१२ बाइट हा रकाना बघा. घरच्या वापराशी जुळणारा आकडा तो.

तुमच्यासाठी आमची पसंती टीपी-लिंक ईआर६०५. पाच गिगाबिट पोर्ट, पंखा नाही, सगळं ब्राउझरमधून लागतं आणि दुसरी इंटरनेट लाइन जोडायची सोयही आहे. नेटवर्कची आवड असेल, थोडं शिकायची तयारी असेल, तर मायक्रोटिक हेक्स घ्या, आणि तोही २०२४ साली आलेला नवा, ५१२ एमबी मेमरीचा. तो जास्त करू देतो, पण चुकाही जास्त करू देतो. चार पोर्टच्या मिनी पीसीवर ओपीएनसेन्स हे राउटरचं सॉफ्टवेअर टाकायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. गिगाबिट किंवा त्यावरचा प्लॅन असेल तर तो सल्ला चांगला आहे, ३०० ला त्याची गरज नाही.

प्रश्न: २०० चा प्लॅन घेतला, नवा राउटर घेतला, तरी स्पीड टेस्ट ९४ च्या वर जात नाही. कंपनी म्हणते लाइन ठीक आहे. (कोल्हापूर)

९३–९४ हा आकडा स्वतःच उत्तर सांगतो. १०० एमबीपीएसच्या पोर्टवर, पॅकेटचं वेष्टण वजा जाता, जास्तीत जास्त एवढंच मिळतं. लाइन खरंच ठीक आहे. वाटेतला एखादा दुवा गिगाबिटऐवजी १०० वर जुळलाय. राउटरच्या स्थितीच्या पानावर प्रत्येक पोर्टचा वेग दिसतो, तिथे १०० दिसणारा पोर्ट शोधा.

कारण बहुतेक वेळा केबलमध्येच असतं. १०० एमबीपीएसला चारपैकी दोनच जोड्या पुरतात: कनेक्टरच्या १, २, ३ आणि ६ क्रमांकाच्या पिनांवरच्या. गिगाबिटला चारही जोड्या, आठही तारा लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार तुटली किंवा पिनेखाली नीट दाबली गेली नाही, तर दोन्ही टोकांची यंत्रं निमूटपणे १०० वर उतरतात. चूक दाखवणारा कुठलाही संदेश येत नाही, आणि त्यामुळे माणूस महिनोन्‌महिने कंपनीशी भांडत राहतो.

नवा कनेक्टर लावताना क्रम असा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. कनेक्टरची खिट्टी खाली आणि तारा आत शिरायचं तोंड तुमच्याकडे धरलं की डावीकडून हा क्रम येतो. दोन्ही टोकांना हाच. बाहेरचं आवरण साधारण अडीच सेंटिमीटर सोला, जोड्यांचे पीळ सोडवून तारा सरळ करा, मग एका रेषेत कापून दीड सेंटिमीटरच्या आत ठेवा. आठही तारांची तांबडी टोकं कनेक्टरच्या पुढच्या पारदर्शक भिंतीला टेकलेली दिसली पाहिजेत, आणि बाहेरचं आवरण मागच्या पट्टीखाली दाबलं गेलं पाहिजे. आवरण बाहेर राहिलं तर सगळा ओढा बारीक तारांवर येतो आणि दोन-चार महिन्यांनी जोड ढिला पडतो. बाजारात साधा आठ दिव्यांचा टेस्टर मिळतो, तो जवळ ठेवाच.

केबल विकत घेताना एक तार ब्लेडने खरवडून बघा. वरचा तांबडा थर जाऊन आत चंदेरी रंग दिसला तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार आहे. हातात घेतली तर हलकी लागते, वाकवली की लवकर मोडते, आणि याच केबलमधून कॅमेऱ्याला वीज द्यायची असेल तर ती तापते. शुद्ध तांब्याची कॅट ६ घ्या. घरातल्या अंतरांना कॅट ५ई सुद्धा पुरते: गिगाबिट १०० मीटरपर्यंत जातं. भिंतीत जुनी, चांगली कॅट ५ई असेल तर ती उखडू नका.

प्रश्न: ईआर६०५ घेतला. ओएनटीच्या पुढे नुसता जोडला तर चालतो, पण मित्र म्हणतो ओएनटी ब्रिज मोडमध्ये टाक. म्हणजे नेमकं काय करायचं? बिघडलं तर? (डोंबिवली)

आत्ता तुमच्याकडे पत्त्यांचं भाषांतर (घरातल्या खाजगी पत्त्यांऐवजी बाहेरचा पत्ता लावणं) दोनदा होतंय, एकदा तुमच्या राउटरवर आणि एकदा ओएनटीवर. वेब, व्हिडिओ, बँक या कामांना त्याने फरक पडत नाही. बाहेरून घरात यायचं असेल किंवा मित्रांशी थेट जोडून खेळायचे गेम असतील तिथे अडचण होते, आणि जुना ओएनटी जोडण्यांच्या ओझ्याखाली तसाच राहतो. ब्रिज मोडमध्ये ओएनटी राउटिंग सोडतो आणि लाइन जशीच्या तशी तुमच्या राउटरच्या हाती देतो.

सुरुवात फोनने करा. कस्टमर केअरला चार गोष्टी विचारून कागदावर लिहा: जोडणी पीपीपीओईची (युजरनेम-पासवर्डने लॉगिन करायची) आहे की आपोआप पत्ता मिळतो, पीपीपीओई असेल तर युजरनेम-पासवर्ड, एकाच तारेतले वेगळे मार्ग ओळखायचा व्हीएलएएन क्रमांक किती (तो गावागणिक, अगदी एक्स्चेंजगणिकही वेगळा असतो, शेजाऱ्याचा आकडा धरून चालू नका), आणि तुमची लाइन राउटरच्या मॅक पत्त्याशी (यंत्राच्या ओळख क्रमांकाशी) बांधलेली आहे का. केबलवाल्यांकडून आलेल्या लाइनींवर हे शेवटचं फार आढळतं. बांधलेली असेल तर नवा मॅक पत्ता नोंदवून घ्या, किंवा राउटरच्या डब्ल्यूएएन (इंटरनेटच्या बाजूच्या) पानावर जुन्या डब्याचा मॅक टाका.

ओएनटी हलवण्याआधी त्याच्या डब्ल्यूएएन पानांचे फोटो काढा. तिथे दोन-तीन नोंदी दिसतील: एक इंटरनेटची, एक बहुधा ‘व्हॉइस’ची. लँडलाइन त्या व्हॉइसवर चालते, तिला हात लावू नका. इंटरनेटच्या नोंदीचा प्रकार ‘राउट’वरून ‘ब्रिज’ करा, व्हीएलएएन क्रमांक तोच ठेवा, आणि पोर्ट बांधायची जागा असेल तिथे फक्त लॅन १ ला खूण करा. ही खूण राहून गेली की सगळं बरोबर भरूनही राउटरला काहीच मिळत नाही. ब्रिजच्या कामात लोक सर्वांत जास्त इथेच अडकतात. ओएनटीचं वाय-फाय बंद करा, एरवी घरातले फोन जुन्या नावाला चिकटून बसतील आणि नेट मात्र मिळणार नाही. काही कंपन्या ग्राहकाला हे पान उघडूच देत नाहीत. मग त्यांच्याकडूनच ब्रिज करून घ्यावं लागतं.

आता राउटर. लॅपटॉप ईआर६०५ च्या लॅन पोर्टला जोडा, ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ उघडा, युजरनेम आणि लांब पासवर्ड ठरवा. इंटरनेट जोडायच्या आधी घराचा पत्ता बदला: लॅनच्या पानावर १९२.१६८.२०.१, मास्क २५५.२५५.२५५.०, डीएचसीपीची (आपोआप पत्ते देण्याची) वाटणी १०० ते १९९. बदलायचं कारण असं की बरेच ओएनटी १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ वर बसलेले असतात. दोन्ही बाजूंना एकच पत्तामालिका आली की राउटरला पॅकेट कुठे पाठवायचं तेच कळत नाही. २ ते ९९ हे पत्ते मोकळे ठेवा. प्रिंटर, एनव्हीआर (कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर), अ‍ॅक्सेस पॉइंट यांना त्यातले पत्ते कायमचे बांधून द्या.

मग ओएनटीच्या लॅन १ मधून केबल राउटरच्या डब्ल्यूएएन पोर्टला. जोडणीचा प्रकार पीपीपीओई, युजरनेम-पासवर्ड, एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १४९२. साध्या इथरनेटच्या १५०० बाइटमधले ८ बाइट पीपीपीओईचं वेष्टण खातं, म्हणून १४९२. व्हीएलएएन कुठे लावायचा हे ओएनटीवर अवलंबून आहे. तिथल्या ब्रिजच्या नोंदीतच क्रमांक असेल तर राउटरवर पुन्हा लावू नका. दोनदा लावला तर जोडणी होत नाही. ‘जोडतोय’ असं दिसून तिथेच थांबलं तर जुन्या डब्याचं सत्र कंपनीच्या बाजूला अजून उघडं असू शकतं. ओएनटी बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा. ‘पासवर्ड चुकीचा’ असं उत्तर आलं तर उलट बरं. लाइन आणि व्हीएलएएन बरोबर आहेत, फक्त पासवर्ड तपासायचा राहिला, असा त्याचा अर्थ.

काही साइट उघडतात आणि काही अर्ध्यावर लटकतात असं झालं तर एमटीयू तपासा. विंडोजच्या कमांड खिडकीत पिंग (समोरून उत्तर येतं का बघणाऱ्या) आदेशाला ‘तुकडे करू नको’ हा पर्याय आणि १४६४ हा आकार देऊन बघा (१४९२ मधून शीर्षकाचे २८ बाइट वजा). १४६४ जातं आणि १४६५ अडतं, तर आकडा बरोबर आहे. १४६४ सुद्धा अडलं तर दहा-दहाने उतरत जा. जो आकार जाईल त्यात २८ मिळवा, तो तुमचा एमटीयू.

शेवटी राउटरवर यूपीएनपी (यंत्रांनी स्वतःहून बाहेरची वाट उघडायची सोय) बंद आणि इंटरनेटच्या बाजूने व्यवस्थापन बंद. आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे पत्ते) चालू करणार असाल तर त्याची फायरवॉल चालू आहे याची खात्री करा. तिथे पत्त्यांचं भाषांतर नसतं, घरातलं प्रत्येक यंत्र खऱ्या पत्त्यावर बसतं, आणि बाहेरच्यांना अडवायचं काम एकट्या फायरवॉलवर येतं. सगळं चालू झालं की सेटिंग्जची बॅकअप फाइल काढून पेन ड्राइव्हवर ठेवा. बिघडलं तर? ओएनटीचे ते फोटो बघून नोंद पुन्हा ‘राउट’ करा, दहा मिनिटांत आधीची स्थिती परत येते.

मायक्रोटिकवर हेच करणाऱ्यांना एक इशारा. नवा पीपीपीओई इंटरफेस तयार केला की तो ‘डब्ल्यूएएन’ या इंटरफेस यादीत टाकायला विसरू नका. मूळ फायरवॉल आणि पत्त्यांचं भाषांतर दोन्ही त्या यादीवर चालतात. यादीत नसला तर जोडणी झालेली दिसते आणि एकही साइट उघडत नाही. घाईत कुणी भाषांतराचा नियम तेवढा वेगळा लिहून काम भागवलं, तर नेट चालतं, पण बाहेरून आत येणाऱ्यांना अडवणारा नियम त्या इंटरफेसला लागूच होत नाही. हे जास्त वाईट, कारण ते कुणाच्या लक्षात येत नाही.

प्रश्न: घरापासून साठ मीटरवर पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधल्या. तिथवर आंब्यांच्या झाडांवरून कॅट ६ नेली. दोन वर्षांत दोनदा वळवाच्या पावसात राउटरचे पोर्ट जळले. सर्ज प्रोटेक्टर लावावा का? (देवरुख)

प्रोटेक्टर चांगल्या अर्थिंगशिवाय काम करत नाही, आणि जांभ्याच्या कातळावर तसं अर्थिंग मिळवणं कठीण. शिवाय वीज थेट केबलवर पडावी लागत नाही. जवळपास पडली तरी साठ मीटर तांब्याच्या तारेत झटका तयार होतो, आणि दोन इमारतींच्या जमिनीच्या विद्युतदाबातला फरक त्या केबलमधून वाट काढतो. इमारतीबाहेर तांबं नेऊच नका. फायबर न्या.

लागणारं सामान थोडं आहे: गरजेपेक्षा दहा मीटर जास्त सिंगल मोड ड्रॉप केबल, गिगाबिट मीडिया कन्व्हर्टरची (फायबर आणि तांब्याची केबल जोडणाऱ्या डब्यांची) एक जोडी, आणि दोन्ही टोकांना एससी कनेक्टर. एकाच काचतंतूवर चालणारे कन्व्हर्टर ए आणि बी असे जोडीने येतात. एक १३१० नॅनोमीटरवर पाठवतो आणि १५५० वर ऐकतो, दुसरा नेमका उलट. दुकानदाराने दोन्ही ए दिले तर दिवा कधीच लागणार नाही. पिशवीतून काढतानाच अक्षर बघा. कनेक्टरचा रंगही जुळवा: हिरवा तिरकस घासलेला असतो, निळा सरळ. हिरवा निळ्यात घातला तर प्रकाश परततो आणि टोक खराब होतं. या कन्व्हर्टरना बहुधा निळा लागतो. तुमच्या गावातला फायबर जोडणारा माणूस स्प्लायसिंग (काचतंतू सांधायच्या) मशीनने दोन्ही टोकं अर्ध्या तासात करून देईल.

ड्रॉप केबलमध्ये आधारासाठी पोलादी तार असते, ती वीज वाहते. घराच्या भिंतीवर हुकाला बांधून ती तिथेच कापा. आत फक्त काचतंतूचा भाग न्या आणि त्यातही धातूच्या बारीक काड्या असतील तर त्या कन्व्हर्टरच्या बऱ्याच आधी छाटा. वळण तीन सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा तंग नको. भिंतीत शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पागोळीचं पाणी तिथून ठिबकेल, आत येणार नाही. आणि झाडावरून नेण्यापेक्षा पाइपातून जमिनीखालून नेलीत तर फांदी पडून तुटायची भीती उरत नाही.

प्रश्न: कॅमेरे आणि पाहुण्यांचं वाय-फाय घरच्या कॉम्प्युटरपासून वेगळं ठेवायचं आहे. पाच पोर्टचा साधा स्विच आहे. व्हीएलएएन करता येईल का? (नाशिक)

साध्या स्विचवर नाही. व्हीएलएएन, म्हणजे एकाच केबलवरची वेगवेगळी नेटवर्क, समजणारा ‘स्मार्ट’ स्विच लागेल. टीपी-लिंकचा टीएल-एसजी१०५ई त्यातला छोटा. घर व्हीएलएएन १ वर राहू द्या, कॅमेऱ्यांना २०, पाहुण्यांना ३०. राउटरवर तिन्हींना वेगळी पत्तामालिका: १९२.१६८.१०, १९२.१६८.२०, १९२.१६८.३०.

स्विचवर पोर्ट १ राउटरकडे: १ टॅगशिवाय, २० आणि ३० टॅगसह (टॅग म्हणजे पॅकेटवरची व्हीएलएएन क्रमांकाची चिठ्ठी). पोर्ट २ आणि ३ घरच्या यंत्रांना, जसे आहेत तसे. पोर्ट ४ एनव्हीआरला: २० टॅगशिवाय, आणि १ मधून काढून टाका. पोर्ट ५ अ‍ॅक्सेस पॉइंटला: १ टॅगशिवाय, ३० टॅगसह; अ‍ॅक्सेस पॉइंटवर पाहुण्यांच्या नावाला व्हीएलएएन ३० जोडा. इथवर सगळे बरोबर करतात आणि पीव्हीआयडीचं (टॅग नसलेलं पॅकेट कोणत्या व्हीएलएएनचं ते ठरवणारं) पान विसरतात. या स्विचवर ते पान वेगळं आहे. पोर्ट ४ चा पीव्हीआयडी २० केला नाही तर एनव्हीआरकडून येणारं पॅकेट १ मध्ये शिरतं आणि उत्तर २० मधून येतं, म्हणजे येतच नाही. काम करताना लॅपटॉप पोर्ट २ मध्ये ठेवा आणि त्याला शेवटपर्यंत हात लावू नका, एरवी स्विचबाहेर तुम्हीच अडकाल.

नुसते व्हीएलएएन केल्याने वेगळेपणा येत नाही. बहुतेक राउटर स्वतःहून एका व्हीएलएएनमधून दुसऱ्यात जाऊ देतात, ईआर६०५ सुद्धा. अडवणारे नियम लिहावे लागतात: २० मधून १ मध्ये बंदी, ३० मधून १ आणि २० मध्ये बंदी, २० मधून इंटरनेटला बंदी. घरून कॅमेरे बघायचे असल्याने १ मधून २० ला परवानगी हवी. बंदीचा नियम जोडणीची आठवण ठेवणारा, म्हणजे ‘स्टेटफुल’, आहे का ते बघा. नसेल तर कॅमेऱ्याकडून परत येणारं उत्तरही अडेल. आणि एक गोष्ट हमखास राहून जाते: कॅमेऱ्याचं इंटरनेट तोडलं की त्याचं घड्याळ भरकटतं, आणि चोरीच्या रेकॉर्डिंगवर चुकीची वेळ म्हणजे पुराव्याला बाधा. वेळ विचारायचा पोर्ट, यूडीपी १२३, तेवढा मोकळा ठेवा किंवा राउटरलाच वेळ सांगायला लावा.

मायक्रोटिकवर पाहुण्यांना आयपी मिळतो पण साइट उघडत नाही, असं झालं तर नवा व्हीएलएएन ‘लॅन’ यादीत नाही हे समजा. डीएचसीपी फायरवॉलच्या आधीच पार होतं, डीएनएसचा (साइटच्या नावावरून पत्ता विचारायचा) प्रश्न मात्र अडतो. त्या व्हीएलएएनकडून राउटरच्या पोर्ट ५३ ला यूडीपी आणि टीसीपी दोन्हींची परवानगी द्या, एवढंच पुरे. सगळा व्हीएलएएन ‘लॅन’ यादीत टाकला तर पाहुण्यांना राउटरचं लॉगिन पानही उघडेल.

प्रश्न: ५० चा प्लॅन. मुलगी प्रोजेक्टचे व्हिडिओ अपलोड करायला लागली की माझा व्हिडिओ कॉल तुटतो. प्लॅन वाढवू का? (छत्रपती संभाजीनगर)

आधी मोजा. केबलवरच्या लॅपटॉपवरून ८.८.८.८ ला सतत पिंग लावा आणि मुलीला अपलोड सुरू करायला सांगा. एरवी ८–१० मिलिसेकंद दिसणारा आकडा ३०० किंवा त्याच्याही वर गेला आणि अपलोड थांबताच खाली आला, तर ओएनटीत पॅकेटांची रांग तुंबतेय. तुमचा आवाज त्या रांगेच्या शेवटी उभा आहे. प्लॅन वाढवला तर रांग लवकर सरेल एवढंच, पुढचं मोठं अपलोड ती पुन्हा भरेल.

उपाय असा की रांग ओएनटीत होऊ न देता तुमच्या राउटरवर होऊ द्यायची, आणि तिथे प्रत्येक संवादाला आलटून-पालटून पुढे सोडायचं. मायक्रोटिकच्या राउटरओएस ७ मध्ये यासाठी एफक्यू-कोडेल आणि केक हे दोन रांग-प्रकार आहेत. साधी क्यू तयार करा, लक्ष्य म्हणून घराची पत्तामालिका द्या, दोन्ही दिशांना केक निवडा आणि मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ९० टक्के, म्हणजे तुमच्यासाठी ४५, ठेवा. मर्यादा ५० ठेवली तर रांग पुन्हा ओएनटीत जाईल आणि काहीच बदलणार नाही. यानंतर फायरवॉलमधला ‘फास्टट्रॅक’चा नियम बंद करा, कारण तो पॅकेटांना क्यू टाळून नेतो. बंद केल्यावर प्रोसेसरवर भार वाढतो. ५० किंवा १०० च्या लाइनला हेक्स तो सहज पेलतो, गिगाबिटच्या लाइनला पेलणार नाही. पिंग पुन्हा लावा आणि अपलोड चालू असताना आकडा ३०–४० च्या आत आहे का बघा. नसेल तर मर्यादा ४२ करून पुन्हा मोजा.

प्रश्न: आई-वडील सांगलीत, आम्ही न्यू जर्सीत. त्यांच्या घरचे कॅमेरे बघायला पोर्ट फॉरवर्ड केला, तरी जोडत नाही. (न्यू जर्सी)

सांगलीच्या राउटरचा डब्ल्यूएएन पत्ता बघा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल तर कंपनी एकच खरा पत्ता अनेक घरांत वाटतेय, आणि तुमच्या घरापर्यंत बाहेरून वाटच नाही. पोर्ट फॉरवर्ड कितीही बरोबर केला तरी उपयोग नाही. कंपनी जादा पैसे घेऊन स्थिर पत्ता देत असेल तर तो घ्या. नसेल तर घरातून बाहेर बोगदा (व्हीपीएन) काढायचा. नवा हेक्स एआरएम प्रोसेसरचा आहे आणि त्यावर मायक्रोटिकची ‘बॅक टू होम’ सोय चालते: फोनवर अ‍ॅप, आणि थेट वाट नसेल तर मायक्रोटिकच्या रिलेमार्गे वायरगार्ड या व्हीपीएनची जोडणी. जुन्या हेक्सवर ती नाही. तो असलेल्यांना भाड्याच्या छोट्या सर्व्हरवर वायरगार्ड बसवून घरचा राउटर त्याला जोडावा लागेल. राउटरच्या बाजूला ‘कीपअलाइव्ह’ २५ सेकंद ठेवा, नाहीतर शांत बसलेला बोगदा कंपनीच्या यंत्रात विसरला जातो. कॅमेऱ्याचा पोर्ट सरळ इंटरनेटवर मोकळा करू नका, खरा पत्ता मिळाला तरीही. २०१६ च्या मिराई हल्ल्यात मूळ पासवर्डवर राहिलेले असेच कॅमेरे हत्यार झाले होते.

प्रश्न: लाइट गेली की इन्व्हर्टर चालू होतो, तरी नेट तीन-चार मिनिटं जातं. (अकोला)

इन्व्हर्टरच्या मागे ‘नॉर्मल’ आणि ‘यूपीएस’ असं बटण असतं, ते यूपीएसवर करा. बदल लवकर होतो आणि राउटर बंद पडत नाही. तरीही पडत असेल तर छोटा डीसी यूपीएस घ्या. व्होल्टेज मात्र जुळवा: बहुतेक ओएनटी १२ व्होल्टचे, ईआर६०५ चा अडॅप्टर ९ व्होल्टचा. दोन्हींची पिन दिसायला सारखी असू शकते. १२ ची वायर ९ च्या राउटरला लागू नये म्हणून दोन्ही वायरींना आजच रंगीत टेप गुंडाळा. दोन वेगळी आउटपुट असलेला यूपीएस मिळतो, तोच मागा.